मी न सांगितलेल्या ओळी

हिंगणी, ६ नोव्हेंबर १९७८
आले बाप्पा एकदाची! माझ्या लेकाले, बबनले, बोर धरणावर नोकरी लागली, क्वार्टर भेटलं, अन् त्यानं मायले सेलूहून उचलून आणलं. खोल्या दोन, मोरी पक्की, अंगणात सीताफळ. शेजारची चारही क्वार्टरं कुलूपबंद. भांडायले माणूस नाई, एवढाच उणेपणा. मले अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी सांगते, सून कोकिळा लिहिते. सातवी शिकली आहे. तोंड बंद अन् हात चालू, अशी सून नशिबानंच भेटते. हेही लिही वं, म्हटलं. लाजत लिहिलं.

९ नोव्हेंबर
बबन सकाळी जाते, दिवेलागणीले येते. दुपार इतकी लांब की आपला ढेकरही सोबत वाटते. म्हणून मी मनची गोष्ट रचली. साखरराजा भला, विखारसिंग दुष्ट. दोघांचा जीव एकाच पोरीवर. साखरराजा बोलला की कोकिळा मुकाट गहू निवडते. विखारसिंगानं त्या पोरीसाठी गाव पेटवलं, तर सुपातला हात सुपातच. काऊन वं, विचारलं. म्हणे, आत्याबाई, साखरराजाले सगळेच पायजेत. याले एकच पायजे.

१३ नोव्हेंबर
पोरगी बरोबर बोलली. दावणीचा बैल सुटलेल्या बैलाकडेच पाह्यते. तो कोणाचं पीक तुडवून राह्यला हे त्याले दिसत नाई, तुटलेलं दावं दिसते. आमचे हे देवमाणूस होते. मले बांगड्या घ्याच्या तरी आईले विचारत. आज त्यांचा चेहरा नीट आठवत नाई. विखारसिंगाच्या भुवईवरचा वण मात्र दिसते. अन् तो तर मीच रचला!

१७ नोव्हेंबर
मी चहा प्यायले थांबले. पेन चालूच. वाचून दाखव म्हटलं, तर तीन ओळी वाचल्या. मुंग्या मात्र पानभर.
तो आज मोरीपाशी उभा होता. म्हणाला, तुझ्यावाचून मले जगच नको.

१९ नोव्हेंबर
बबनले वाचायले लावलं. हसला. म्हणे, आई, या वयात प्रेमपत्रं सांगून राह्यली का? मी तसं काही सांगितलंच नाई. कोकिळा खाली पाहून हेही लिहून राह्यली—

२१ नोव्हेंबर
भरदुपारी लग्नाचा शालू नेसली. विचारलं तर म्हणे, तो नेणार आहे. पोर जाईल माझी. त्याले मारलं पायजे, गोष्टीतच. पण खरं सांगू? तो मेला तर या दुपारी माझ्याजवळ कोण—

२२ नोव्हेंबर
कडी वाजली. पाहू नको कोकिळा. लिही. साखरराजानं— नाई, त्याच्यानं काय होते. मीच. मी कुऱ्हाड घेतली, अन् विखारसिंग मे—
नाई मेला. आत्याबाई खोटं बोलून राह्यल्या. कडी मी काढली. तो म्हणते, म्हातारीनंच मले बोलावलं, आधी तिले