आफ्रिकेस जाणाऱ्या रेडिओची व्यवस्था

मी, भागोजी रावजी उतेकर, जात मराठा, वय साठीच्या पुढे, धंदा पूर्वी मुंबईस पेट्या बांधण्याचा व हल्ली शेती आणि खोकला, राहणार उमरठच्या वरची वाडी, पेटा पोलादपूर, तालुका महाड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने माझ्या ओटीवर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही की दारू पाजलेली नाही. माझा धाकटा भाऊ महिपती कुंपणापलीकडून मान लांब करून पाहतो आहे खरा, पण त्याला दमदाटी म्हणता येत नाही. तो लहानपणापासून असाच पाहतो.

जमीन व घर याबद्दल. दोन्ही वडिलोपार्जित असून, चुली वेगळ्या व मध्ये कुंपण असले तरी वाटणी न झाल्याने महिपती व मी एकत्र कुटुंबात आहोत. मला मुलगा नाही. तेव्हा माझ्या पश्चात हे सर्व आपोआप महिपतीकडे जाईल, ते देण्याघेण्याचा मला अधिकार नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. शेत तो माझ्यापेक्षा चांगले करतो. हे वाक्य त्याला दोनदा वाचून दाखवू नये.

आता जे माझे स्वतःचे, घामाचे आहे, त्याबद्दल.

मुंबईस गोदीजवळ माझे पेट्या बांधण्याचे दुकान होते. परदेशी कायमचे जाणाऱ्या लोकांचे घरसामान मी फळ्यांत बांधून बोटीवर चढवून देत असे. आफ्रिकेस, एडनला, रंगूनला, कुठे कुठे माझे खिळे गेले आहेत. माझी हत्यारे, म्हणजे करवत, पटाशी, खिळे उपटायचा आकडा व पट्ट्या ताणायचे यंत्र, ही माझ्या हाताखाली तयार झालेल्या दत्तारामाला द्यावीत. दुकान तो आताही चालवतोच. त्याने गिऱ्हाइकाला मी सांगत आलो तेच सांगत राहावे: विजेचे सामान उचलण्याआधी तिकडची वीज कोणत्या जातीची ते विचारा. माणूस पाणी बदलले की आजारी पडतो आणि बरा होतो. पंखा वीज बदलली की एकदाच धूर काढतो आणि संपतो. लोकांना हे पटत नाही. पंख्यासाठी इतके पैसे घातले, तो मागे कसा ठेवायचा, असे म्हणून नेतात.

असा एक जळलेला टेबलपंखा एक गिऱ्हाईक वर्षभराने परत आल्यावर माझ्याच दुकानात टाकून गेले. लोकांना दाखवायला म्हणून मी तो ठेवला आणि दुकान सोडताना घरी आणला. वाडीत वीज नाही, त्यामुळे तो जळका आहे की चांगला याने कोणाचे काही अडले नाही. माझी बायको राहीबाई त्याच्या जाळीवर कुरडया वाळवीत असे. ही जाळी महिपतीची बायको ठकूबाई हिला द्यावी. कोंबडीची पिल्ले झाकायला ती फार दिवस मागते आहे. पाती काढून टाकावीत, मागे एकदा तिने नेली तेव्हा एक पिल्लू अडकले होते.

हातोडीबद्दल पुढे लिहीन.

रेडिओ. या मृत्युपत्राचे मूळ कारण हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

धनजीशेट म्हणून एक कापडवाले बायकामुलांसह नैरोबीस गेले. त्यांच्याकडे दोन रेडिओ होते, एक घरच्या विजेवरचा व एक बॅटरीवरचा. मी त्यांना तिकडची वीज विचारून घ्यायला लावली, ती जुळली, आणि ते विजेवरचा घेऊन गेले. बॅटरीवरचा त्यांनी निघताना मला दिला. म्हणाले, "भागोजी, तुझ्या सल्ल्याने एक वाचला, दुसरा तू ठेव." म्हणून हा रेडिओ माझा स्वतःचा आहे. एकत्र कुटुंबाचा एक दाणाही त्यात गेलेला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण महिपती होळीच्या माळावर लोकांना सांगतो की, "घर एक, चूल एक व्हती, तर रेडिवबी एकच. तो दादाचा एकट्याचा कसा?"

बॅटरी महाडला मोटारवाल्याच्या कारखान्यात भरून आणावी लागते. रेडिओला आणखी दोन तारा लागतात. एक उंच, ती मी बांधावरच्या फणसाला बांधली. दुसरी जमिनीत, ओल्या मातीत पुरायची. कातळावरच्या वाडीत शिमग्याच्या दिवसांत ओली माती आणायची कुठून? तेव्हा राहीबाई म्हणाली, "माझ्या तुळशीत पुरा. तिला रोजचं पाणी हाय." वाडीत कुजबुज झाली. देवळातला गोमाजी गुरव येऊन बघून गेला आणि म्हणाला, तुळशीची हरकत दिसत नाही. तेव्हापासून ती तार तिथेच आहे. तुळशीला पाणी पडले की रेडिओ स्वच्छ बोलतो, पाणी चुकले की घरघरतो.

महिपतीने कधी माझ्या ओटीवर बसून रेडिओ ऐकला नाही. तो आपल्या ओटीवर आमच्याकडे पाठ करून बसतो आणि गमतीच्या ठिकाणी आमच्यानंतर हसतो. उलट फणसाची तार बांधलेली फांदी त्याने तोडली, म्हणे तारेवरून आभाळातली वीज घरात येईल; मी तार वरच्या फांदीला बांधली. आमचे बोलणे त्यावरून बंद झाले. पण राहीबाई अंथरुणाला खिळली त्या दिवशी रेडिओ घरघरला, आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "वैनी आज उठली नाय काय?" पहिला तोच धावत आला. हे मी विसरलेलो नाही. फांदीही विसरलेलो नाही.

राहीबाई गेली. आता तुळशीला पाणी माझी एकुलती एक मुलगी आवडी घालते.

आवडीचा नवरा सहदेव आफ्रिकेत मोंबासाहून वर रेल्वेच्या एका लहान ठेशनावर सुतार आहे. माणूस भला आहे. त्याने तिला कधीच बोलावले आहे. रेल्वेने खोली दिली आहे, वीज नाही, शेजारी आपले माणूस नाही, संध्याकाळनंतर बाहेर तरसे ओरडतात असे तो लिहितो. म्हणजे हा रेडिओ जणू त्याच खोलीसाठी केलेला आहे. त्याला कोणत्या देशात कोणती वीज आहे याच्याशी देणेघेणे नाही. बॅटरी त्यांच्या रेल्वेच्या कारखान्यात भरून मिळते. दूरचे ऐकायचे त्याला वेगळे बटण आहे, त्यावर रात्री तिकडेही मुंबई लागते म्हणतात. आवाज बसल्यासारखा येईल, पण आपल्या भाषेतला येईल. माझी मुलगी त्या रानात कोणाशी मराठी बोलेल या विचाराने माझी झोप जात असे. आता जात नाही.

अडचण एकच आहे. आवडी जात नाही.

बोटीमागून बोट सुटते. कधी भात झोडायचे आहे, कधी माझा खोकला वाढला आहे. मी विचारले की म्हणते, "बाबा, तुमचं हे बरं झालं की जाते ना." माझे हे बरे होण्यातले नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझे पुष्कळ जगून झाले आहे. तिचे अजून सुरूच झालेले नाही, याचे वाईट वाटते. उभ्या जन्मात मी लोकांच्या लेकी परदेशी पाठवल्या आणि माझी लेक माझ्याच काढ्यापायी अडून बसली आहे.

म्हणून अट घालतो. शिमग्यानंतरच्या बोटीने सहदेवाच्या सोबत्याची बायको चंद्राबाई जाणार आहे. आवडीने तिच्यासोबत जावे. गेली तर रेडिओ तिचा, आणि तो तिने सोबतच न्यावा. न गेली तर माझ्या पश्चात रेडिओ महिपतीचा. तो पाठ करून ऐकेल की तोंड करून, ही त्याची मर्जी.

रेडिओ बांधण्याची रीत: आतले काचेचे दिवे काढून एकेक सावरीच्या कापसात गुंडाळावा. हे दिवे पेटीत नव्हे, हातातल्या गाठोड्यात न्यावेत. बॅटरी नेऊच नये, तिचे पाणी सांडून लुगडी खाते, तिकडे नवी घ्यावी. पेटीच्या तळाला आईची गोधडी, तीवर रेडिओ, बाजूंनी भाताचा पेंढा. तुळशीच्या मंजिऱ्या पुडीत बांधून घ्याव्यात. तिकडे खोलीबाहेर तुळस लावून तार तिच्यातच पुरावी. म्हणजे पाणी घालायचा कंटाळा करता येणार नाही. लायसन माझ्या नावाचे आहे, ते पोस्टात परत द्यावे. मेलेल्या माणसाने रेडिओ ऐकणे सरकारला चालत नसावे.

तोडलेल्या फांदीचा तो फणस मी लावला आहे, तो महिपतीला द्यावा. आता त्याला फांद्या तोडायला कोणाची भीती नाही.

साक्षीबद्दल. वकिलाच्या कारकुनाने महाडला बजावले आहे की, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष घालू नये, पुढे भांडणे होतात. मला वाडी ठाऊक आहे, म्हणून मी ती माझीच अट करून टाकतो: जो या कागदावर साक्ष घालील, त्याला या कागदाने काहीही मिळणार नाही. गोमाजी गुरव व शेजारचा हैबती यांना साक्षीस बोलावले आहे. दोघांनाही माझ्याकडून काही मिळायचे नाही, म्हणून दोघेही नाखुशीने येणार आहेत.

येथवर लिहून मी हे अंगणात सर्वांसमक्ष वाचून दाखवले. त्यानंतर जे झाले ते जोडणे भाग आहे.

रेडिओची अट ऐकताच आवडी उठली. मला वाटले होते, काकाच्या हाती जाण्यापेक्षा ती बोट धरील. एकेकाळी ती त्या तोडलेल्या फांदीपाशी उभी राहून त्याला शिव्या देत होती. पण ती म्हणाली, "मग काकांनाच द्या. तुमाला खोकत टाकून मी त्या रानात रेडिव ऐकत बसू काय? मला नाय जायचं."

माझा डाव माझ्याच अंगावर आला. आईचा हट्ट तिच्यात पुरेपूर उतरला आहे. महिपतीला तर रेडिओ मिळाल्यातच जमा होता, आणि त्यासाठी त्याला काही करायचेही नव्हते.

गोमाजीने सही केली. हैबती अंगठ्याला शाई लावायला पुढे झाला, तोच महिपतीने त्याच्या हातून शाईची डबी काढून घेतली. "सर रे हैबती."

मी म्हणालो, "महिपती, कलम ऐकलंस ना? साक्ष घातलीस तर तुला काही मिळायचं नाही. रेडिओ नाही, फणसही नाही."

"ऐकलं. मी काय बहिरा नाय. रोज कुंपणापलीकडनं तुझा रेडिव ऐकतो, मग तुझा कागद ऐकू येणार नाय काय?"

हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केले. ठकूबाई पदर तोंडाला लावून हसली. त्याने अंगठा शाईत बुडवला आणि आवडीकडे वळला.

"हे बघ गो आवडे. आता माझा हक्क सपला. तू नाय गेलीस तर ह्यो डबा कुणाचाच नाय, फडताळात उंदरं खातील. आणि तुझ्या बापाचं म्हणशील तर मी हाय ना. तू जन्माला यायच्या आधीपासनं मी त्याला हाय."

आवडी खांबाला धरून रडली. मीही रडलो, ते लपवून ठेवण्याचे कारण नाही. मग तिने डोळे पुसून एवढेच विचारले, "काका, आईच्या तुळशीला पाणी?"

"तुझी काकी घालील. ती विसरली तर मी. तू तुझ्या तुळशीचं बघ."

थोड्या वेळाने ती आत गेली. माळ्यावरून आईची गोधडी खाली टाकल्याचा आवाज आला. मी हैबतीला फळ्या आणायला पाठवले.

सबब सुधारतो की, रेडिओ विनाअट आवडीचा. महिपतीला या कागदाने काही मिळत नाही. फणस मात्र मी त्याला आजच, जिवंतपणी, तोंडी देऊन टाकला आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही. हातोडीही मी त्याला उसनी देणार आहे. उसनी वस्तू मेल्यावर परत मागता येत नाही, हे त्याला कोणी सांगू नये.

आमच्या धंद्यात पेटीचा शेवटचा खिळा बांधणारा ठोकत नाही. तो ज्याची पेटी त्याने ठोकायचा, म्हणजे पेटी धन्याला ओळखते. पेटी मी बांधीन, हात थरथरला तर महिपती धरील. एक खिळा मोकळा ठेवीन. तो आवडीचा.

माझी बातमी तिकडे पोचली की तिने परत येण्याची घाई करू नये. तुळशीला पाणी घालावे आणि रेडिओ लावावा. मुंबई स्वच्छ लागली तर समजावे की इकडे सर्व ठीक आहे.

हे सर्व मी समजून, खुशीने व पोटभर जेवून लिहिले आहे.

मुक्काम उमरठची वरची वाडी
माघ शुद्ध नवमी, शके १८६०, तारीख २९ जानेवारी १९३९

सही: भागोजी रावजी उतेकर, दस्तुर खुद्द

साक्ष:

१. गोमाजी गुरव, राहणार उमरठ. सही.

२. महिपती रावजी उतेकर, राहणार वरची वाडी. डाव्या हाताचा अंगठा. नाते, सख्खा भाऊ. या कागदाने मिळणार, काही नाही.