जुन्या गीझरची मोड

जे. पी. नगर, बेंगळुरू

ती. बाबा,
वाकून नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत. फक्त गीझर गळायला लागल्यामुळे चार दिवस शेजारच्या अक्कांकडून गरम पाण्याची बादली आणतोय.

मेकॅनिकने नवा बसवायचे साडेचौदा हजार सांगितले. सुशांत लगेच हो म्हणणार होता, पण मला तांबट आळीतले तुम्ही आठवलात. नवा बंब घेताना तुमचा पहिला प्रश्न, "जुन्याची मोड किती धरली?" मी लाजून आईच्या मागे लपले होते.

परवा मीच विचारलं, "आतली टाकी तांब्याची आहे, तिचे किती?" तो हसून "सरी, अक्का", म्हणजे 'बरं, ताई', म्हणाला आणि त्याने बाराशे कमी केले. हे रास्त आहे का? तुम्ही कळवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

तुम्ही बंब रोज पेटवता ना? की आई गेल्यापासून 'एकट्यासाठी कशाला' म्हणून गार पाण्यानेच उरकता? फोनवर नुसतं 'ठीक' म्हणता, म्हणून लिहून विचारतेय.

दिवाळीत पहिल्या अंघोळीला मला त्याच बंबाचं पाणी हवंय. त्याची मोड मात्र कुणाला विचारू नका.

तुमची,
शाल्मली