चहा झाला

दि. ४ जून

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतो? इथे मोफत कायदे-सल्ला केंद्रात मात्र धाबं दणाणलंय. देणगीदार संस्था म्हणते, खटले किती जिंकलात ते पुरे, लोकांचं काय भलं झालं ते दाखवा. महिनाअखेर दाखवलं नाही, तर केंद्राला कुलूप.

म्हणून तुम्ही इथे वकील होतात तेव्हाच्या वह्या काढल्या. घर सोडायच्या नोटिशींची शंभर प्रकरणं, विजय एक्केचाळीस. जवळजवळ प्रत्येक नावापुढे वर्षानंतरची तारीख आणि 'चहा झाला'! चहाबाज माणसाने कोर्टाची वहीही सोडली नाही म्हणून आम्ही पोट धरून हसलो. तो रकाना मी अहवालातून गाळलाय. तुमची खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. फार आठवण येते हो.

लोभ असू द्या, रागावलात तरी.
तुमची पुतणी


दि. ९ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं शहाणे, तोच तर निकाल! प्रत्येक पक्षकाराला मी बजावायचो, जिंकू किंवा हरू, वर्षाने तुमच्या घरी चहाला येणार. घर बदललं तर पत्ता कळवा. माणूस डोक्यावर छप्पर घेऊन भेटला, की 'चहा झाला'. तुझी काकू म्हणायची, पक्षकारांकडे चहा पीत फिरणारा वकील नवरा केला आणि फसले. ती गेली, पण तिचं ते चिडवणं अजून कानात आहे.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या नावापुढे 'चहा नाही' आहे. खटला हरलो, घर सोडायला चार महिन्यांची मुदत तेवढी मिळवली. वर्षाने गेलो तर दारात भलतेच लोक. बाईंचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. ते अजून सलतं.

रकाना परत घाल. जेवत जा वेळेवर.
तुझा काका


दि. २८ जून

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

रकाना घातला. एक्केचाळीस विजय, पण अठ्ठ्याऐंशी चहा! संस्थेच्या बाईंचा विश्वास बसेना, म्हणून त्यांना पाच घरी नेलं. पाचव्या कपाला त्या हात जोडून नको म्हणाल्या. तीन वर्षांची देणगी मंजूर झाली.

आणि तुमच्या शिवणकामवाल्या बाई सापडल्या. जुन्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने पत्ता दिला. त्या चार महिन्यांतच त्यांनी खोली शोधली. आजही तिथेच, खिडकीशी मशीन. साहेब एवढे झटले, हरल्याचं तोंड कसं दाखवू, म्हणून पत्ता कळवला नाही, असं सांगताना रडल्या. मला चहा दिला, पण वहीत लिहू देईनात. तो साहेबांनीच येऊन प्यायचा म्हणाल्या.

रविवारी गाडी घेऊन येते. जिना एकच मजल्याचा आहे. वही मी आणते, पेन तुमचं घ्या.

तुमच्या लोभातली,
चिमणी