मोकळे हात

मंगळवार, संध्याकाळ

आज पहिल्यांदा बाळाला हात लावू दिला. दिवस भरायच्या आधीच झालेलं, काचेच्या पेटीत ठेवलंय. सिस्टर म्हणाली, "बांगड्या काढा, कोपरापर्यंत हात धुवा." सासूबाई तडकल्या, "बाळंतिणीचे हात मोकळे ठिवत्यात व्हय?" मी काढून त्यांच्याकडंच दिल्या. आत त्याच्या तळव्यावर बोट ठेवलं. ऊब लागली, बाकी काहीच वाटलं नाही. रडू तरी यायला हवं होतं ना? आई अशी असते का?

बाहेर आले तर सासूबाईंचेही हात मोकळे. लग्न होऊन आल्यापासून असे कधी पाहिले नव्हते. म्हणाल्या, "आत आईलाच सोडत्यात, ठाव हाय मला. असू दे."

दोघींच्या बांगड्या त्यांच्या पदरात आहेत. माझ्या मी अजून मागितल्या नाहीत.