देवाच्या खिशातला शुक्रवार

९ जानेवारी २०२३, सोमवार

कुठंतरी पाणी मुरतंय. निवडणुकीआधी एकाही पक्षाने ह्याबद्दल अवाक्षर काढलं नाही — ना डाव्या लालांनी, ना आमच्या उजव्यांनी. मग दीड महिना बंद दाराआड वाटाघाटी, आणि बाहेर आले ते एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. हातात कागद — मोठा प्रार्थना दिन रद्द! तीनशेच्या वर वर्षं, डेन्मार्कच्या राजाच्या हुकमाने चालत आलेला सुट्टीचा शुक्रवार. पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी सगळ्यांनी मुकाट कामावर जायचं आणि त्या जादा कामाच्या करातून म्हणे सैन्याला तोफा घ्यायच्या.

तोफांना माझा विरोध नाही. आक्सेल होता तेव्हा आमच्या घरात होमगार्डचा गणवेश कपाटात सगळ्यात पुढे टांगलेला असायचा. नवरा-बायको दोघंही तीस वर्षं ओरडत होतो, सैन्य विकून खाऊ नका. लोक हसायचे. आता रशियाने शेजारचं घर पेटवल्यावर ह्यांना जाग आली. ठीक आहे, घ्या तोफा. पण देवाच्या खिशातून का? उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक दिवस मागून बघा म्हणावं. नाही मागणार. तिथे मतं जातात.

आणि एस्किल. माझा मुलगा कोपनहेगनला मंत्रालयात आहे. नोव्हेंबरात माझ्या वाढदिवसाला केक खाताना सहज विचारल्यासारखं विचारत होता, “आई, प्रार्थना दिनाला आपल्या चर्चमध्ये माणसं किती असतात गं?” तेव्हा तर ह्या कागदाचा कुणाला वासही नव्हता. मी आपली भाबडेपणाने सांगत बसले. आता डोक्यात प्रकाश पडतोय. माहिती काढत होता माझ्याकडून!

१७ जानेवारी, मंगळवार

थिरा येऊन गेली. एस्किलची मुलगी, माझी नात; दर मंगळवारी शहरातून गाडीने आमच्या चर्चच्या पाद्रीणबाईंच्या वर्गाला येते आणि वर्ग सुटला की माझ्याकडे जेवते. राय-ब्रेड, लिव्हरची पेस्ट, वर काकडी. काकडी जास्त.

पाच मेला तिचं दृढीकरण. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी तिच्या वतीने शब्द दिला होता, तो आता तिने वेदीपुढे उभं राहून, पाद्रीणबाईंनी विचारल्यावर, स्वतः “हो” म्हणून पक्का करायचा. माझ्या सासऱ्यांपासून आमच्या घरात सगळ्यांचं ह्याच चर्चमध्ये झालं, आणि प्रार्थना दिनालाच झालं. यंदाचा शेवटचा. मला आता आयुष्यात दुसरं काही नको — सरकारच्या नाकावर टिच्चून तेवढा एक दिवस थाटात व्हायला हवा.

जेवताना माझी टकळी चालूच होती. थिरा म्हणाली, “पण आजी, ते खोटं कुठं बोलले? ते नुसते गप्प बसले.”

“गप्प बसून मतं घेणं म्हणजे खोटंच. माणूस लोकांसमोर उभा राहून शब्द देतो तेव्हा तो त्याच्या मनात असला पाहिजे. नसला तर घरी बसावं.”

ती बराच वेळ काकडी चघळत राहिली. हुशार आहे पोर. माझ्यावर गेलीय.

२६ जानेवारी, गुरुवार

पक्षाच्या शाखेची बैठक. कॉफी पातळ, भाषण त्याहून पातळ. अध्यक्ष होल्गर — डिसेंबरात हाच टेबलावर मूठ आपटून म्हणत होता, “असला विश्वासघात खपवून घेणार नाही.” आज म्हणतो, “रॅग्नहिल्ड, जबाबदारी घ्यायची वेळ असते कधीकधी.” म्हटलं, कुणाचा फोन आला होता रे तुला? हसला.

आज हा शुक्रवार नेला. उद्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. परवा पेंटेकॉस्टच्या सणाचा सोमवार नेतील. एक वीट निघाली की पुढची सैल होते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. लोक किती ओरडतात, तेवढं बघायचं आहे त्यांना.

घरी येऊन सदस्यत्वाचं कार्ड शोधलं. फाडणार होते. नाही फाडलं. पक्ष माझा आहे, होल्गरचा नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

आक्सेलने वरून पाहिलं असेल तर त्याला घेरी आली असेल. मी आज लाल झेंड्यांखालून चालले!

शेजारचा विली, जन्मभर जहाजबांधणीत वेल्डर आणि जन्मभर लाल. त्याच्या युनियनने कोपनहेगनच्या मोर्चासाठी बस काढली होती. परवा कुंपणावरून म्हणाला, “चल की. तुला खिडकीजवळची जागा देतो. डावीकडची.”

“मी उजवीकडे बसेन.”

“बस. गाडी एकाच दिशेने जाते.”

गेले. संसदेपुढे ही एवढी माणसं. शिट्ट्या, ढोल, सॉसेजचा वास. त्यांना सुट्टी हवी होती, मला प्रार्थना. कुणी प्रार्थनेचं नाव घेत नव्हतं, पण कुणी मला हसलंही नाही. एका नर्सने थर्मासमधली कॉफी दिली आणि विचारलं, “आजी, कुठल्या युनियनच्या?” विलीने माझ्या आधी उत्तर दिलं — “ही राजाच्या युनियनची.”

खिडक्यांकडे बघत होते. त्यांतल्या एखाद्या मागे एस्किल उभा असेल का? रविवारी नसतो म्हणतो. म्हणतो.

६ फेब्रुवारी

पाय सुजलेत. विलीने मलम आणून दिलं. लाल डबी.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. संमत.

टीव्हीवर लावून बसले होते. थिराही होती. आमच्या पक्षाचे एकेक जण बटण दाबताना खाली बघत होते. मी म्हटलं, “बघ, नीट बघ. मनात एक आणि बोटात एक. ह्यांच्यातल्या एकाने उठून म्हणायला हवं होतं, मला हे पटत नाही, मी करणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. एकाने तरी.”

“पण मग त्यांच्या पक्षातले लोक दुखावले असते ना?”

“दुखावू देत. त्याने माणूस मरत नाही.”

“नक्की?” तिने विचारलं. मी म्हटलं, नक्की.

आज ताटात काकडीसुद्धा ठेवून गेली. मोठ्यांच्या पापांनी पोरांची भूक मरते.

१९ मार्च, रविवार

एस्किलला फोन. जेवणासाठी हॉल ठरवला का?

“बघतो, आई.”

निमंत्रणं?

“मारेन बघतेय.”

मारेन म्हणजे सूनबाई. तिला फोन द्यायला सांगितला तर म्हणे ती अंघोळ करतेय. दुपारी दोनला! लोक ह्या दिवसासाठी दोन-दोन वर्षं आधी हॉल अडवून ठेवतात आणि हा अजून बघतोय. ताकास तूर लागू देत नाही.

आता माझ्या मनात शंका उरली नाही. तो कागद ह्यानेच लिहिलाय. मंत्री काय, सही करतात. लिहिणारे असले एस्किल असतात, चष्मा लावून, खाली मान घालून. आणि आता त्याला गावात तोंड दाखवायची लाज वाटते. ज्या चर्चमध्ये स्वतः उभा राहिला, त्याच चर्चचा दिवस विकून त्याच बाकावर कुठल्या तोंडाने बसायचं?

“तू लिहिलंस का ते?” — ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. हो म्हणाला असता तर काय केलं असतं मी? एकच तर आहे.

२५ एप्रिल, मंगळवार

पाद्रीणबाई दुकानात भेटल्या, दुधाच्या फ्रीजपाशी. म्हटलं, शेवटचा वर्ग झाला ना आज, कशी आहे आमची थिरा?

“सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारते,” म्हणाल्या. मग दुधाची तारीख वाचत, “तुम्ही बोललात का तिच्याशी?”

कशाबद्दल? तर म्हणे, असंच. आणि लगबगीने गेल्या. दूध न घेताच.

म्हणजे ह्यांनाही गप्प केलंय. का नाही करणार? आपल्याकडे पाद्र्यांचा पगारही सरकारच देतं.

थिरा जेवली नाही. निघताना दारात मला मिठी मारून उभी राहिली, सोडेचना. बापाने काय ओझं टाकलंय पोरीवर! काही विचारलं तर म्हणते, “काही नाही, आजी.” सगळं घर एका सुरात काही नाही म्हणतंय.

येऊ दे एस्किलला. प्रार्थना दिनाच्या आदल्या संध्याकाळी तो प्रथेचे वेलचीचे पाव खायला येतोच. तेव्हा विचारणार. सोक्षमोक्ष.

४ मे, गुरुवार

खिडकीत मेणबत्त्या लावल्या. आज, पंचेचाळीस साली जर्मन फौजांपासून सुटका झाल्याची संध्याकाळही. पाव चिरून भाजले, लोणी काढलं. एस्किल एकटाच आला. कोट न काढता बसला.

मी पावाची थाळी पुढे सरकवली आणि विचारलंच. “तो कायदा तू लिहिलास ना?”

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेगळाच झाला. “आई, मी हमरस्त्यांच्या कडेच्या आवाज अडवणाऱ्या भिंतींचं काम बघतो. अकरा वर्षं झाली. तू कधी विचारलंच नाहीस.”

मी म्हटलं, मग चर्चमध्ये माणसं किती असतात ते कशाला विचारलंस?

“थिराला हवं होतं. किती लोकांसमोर उभं राहायचं, म्हणून.” त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आई, ती उद्या येणार नाही. तिला ‘हो’ म्हणायचं नाहीये.”

मी म्हटलं, कशाला ‘हो’ म्हणायचं नाहीये?

“देवावर विश्वास आहे का, ह्याला. तिला माहीत नाही म्हणते. हिवाळाभर प्रयत्न केला तिने. एक वर्ग चुकवला नाही. आम्ही सांगितलं, अगं सगळेच म्हणतात, आजीसाठी म्हण, मग मस्त जेवण, भेटी. तर म्हणाली, आजी दर मंगळवारी सांगते की मनात नसेल तर शब्द देऊ नये. लोकांसमोर तर मुळीच नाही.”

पाव थंड होत होते. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं कुणी?

“तीच सांगणार होती. दर मंगळवारी ठरवून यायची आणि तशीच परत जायची. काल रात्री रडली. म्हणाली, आजीचा दिवस सरकारने नेलाच आहे, उरलेला मी नेऊ?”

रागावले. खूप बोलले त्याला. लाडावून ठेवलंय म्हटलं, शहरी वारं म्हटलं, मारेनच्या माहेरचं नाव काढलं. काढायला नको होतं. चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं विश्वास म्हणजे? उभं राहायचं, हो म्हणायचं, बाकीचं जन्मभर हळूहळू कळतं. आमचं तसंच झालं. दृढीकरण म्हणजे काही परीक्षा नाही. हे मला आजही पटतं, उद्याही पटेल.

तो उठला. जाताना म्हणाला, “पाद्रीणबाईंनी तिची जागा ठेवलीय सकाळपर्यंत. ड्रेसही आहे. मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. तूच तिला एकदा सांगितलंस तर ती येईल, आई. हे मला पक्कं माहीत आहे.”

कोट शेवटपर्यंत काढला नाही त्याने. मी फोनपाशी बसले होते. मग उशीर झाला म्हणून केला नाही.

५ मे, शुक्रवार

सकाळी सातलाच फोन वाजला. थिरा. आवाज बसलेला. “आजी, मी ड्रेसला इस्त्री केलीय. तू म्हणालीस तर मी येते. तुझ्यासाठी म्हणते ‘हो’.”

‘ये’ अगदी जिभेवर होतं. एकच अक्षर. खिडकीतून चर्चवरचा झेंडा दिसत होता, वर चढवलेला.

“नको,” मी म्हणाले. “सुट्टी आहे आज, बाळा. झोप अजून थोडी.”