माईकसमोरचं माझं इंग्रजी

८ जुलै, मंगळवार
मालवणात प्रशिक्षण. आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं इंग्रजी संभाषण सुधारायचं म्हणे. माझ्या हातात माईक दिला — शाळेबद्दल बोला. "माय स्कूल इज इन धामापूर. आय अ‍ॅम... आय हॅव..." पुढे काहीच नाही! मागे कुणीतरी फिसकन हसलं. इतकी वर्षं शिकवतेय आणि एक वाक्य पुरं होईना.

परतताना एसटीत गुरुप्रसाद सर शेजारी. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. "मॅडम, मनाक लावन घेव नकात," म्हणाले. जरा बरं वाटलं.

१० जुलै
माझा व्हिडिओ! तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर. खाली हसरे चेहरे. कुणी काढला, कुणाला माहीत नाही.

११ जुलै
घरी ह्यांनीही पाहिला. पाहून मोबाईल उलटा ठेवला. जेवण गेलं नाही.

१४ जुलै, सोमवार
रियाची आई तुळसा आली. लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणार.

"बाई, राग मानू नकात. पन तुमचो तो व्हिडिओ अख्ख्या वाडीन बघल्यान. चेडवाक इंग्रजी काय शिकवतलात तुमी?"

दाखला लिहून दिला. रिया दारात उभी. माझ्याकडे बघेना. पट आधीच कमी. अशी आणखी पोरं गेली तर शाळाच बंद होईल.

१६ जुलै
सरांनी सुचवलं — शाळेत आपण दोघांनी एकमेकांशी इंग्रजीतच बोलायचं. चुकलं तर चुकलं! त्यांचंही यथातथाच. दुपारी खिचडी वाढतानाच सुरुवात. "मोअर सॉल्ट?" "नो, नो, इनफ." पोरं बघतच राहिली.

२५ जुलै
थोडं जमतंय. सर कंटाळत नाहीत. माझी चूक पोरांसमोर कधी काढत नाहीत, नंतर हळूच सांगतात. ते नसते तर मी केव्हाच बदली मागितली असती.

१ ऑगस्ट
पालकसभा. उठले आणि इंग्रजीत बोलले — अडखळले नाही! वाटलं, आता तरी... तेवढ्यात बाळा नावाच्या एका पालकाने मोबाईल वर धरला. त्याचा मुलगा दुसरीत आहे. "बाई, ह्येच्यापेक्षा पयलो व्हिडिओ बरो होतो!" आणि लावलाच. माझंच "आय अ‍ॅम... आय हॅव..." वर्गभर. सगळे हसले.

सर मान खाली घालून बसले होते. एरवी मध्ये पडले असते.

घरी येऊन नुसती पडून राहिले.

४ ऑगस्ट, सोमवार
शाळा सुटली, पोरं गेली. मी कुलूप लावत होते. सर मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले —

"मॅडम, आय मेड दॅट व्हिडिओ. आय सेंट इट टू वन फ्रेंड ओन्ली. फॉर फन. आय अ‍ॅम सॉरी."

मराठीत सांगवलं नसतं त्यांना.

मला सगळं समजलं. एकेक शब्द.