एक कोण म्हणणार

६ ऑगस्ट

बाबा आज गाडीतून उतरले. डॉक्टरकडे न जाताच!

लहानपणी एकदा धाकटा स्टेशनवर राहून गेला होता. तेव्हापासून घराबाहेर पडताना मोजायचं. बाबा म्हणणार, "मोजा." ताई — एक. मी — दोन. धाकटा — तीन. मगच निघायचं. आम्ही पन्नाशीला आलो तरी हेच.

ताई गेल्यावर आज पहिल्यांदाच एकत्र निघालो. "मोजा," बाबा म्हणाले. सवयीनं. मग कुणीच बोलेना. माझं "दोन" ओठांवर आलं होतं. पण एकच्या आधी दोन कसं म्हणणार?

"सगळे आलेले नाहीत," म्हणाले. दार उघडून घरात निघून गेले.

७ ऑगस्ट

बाबांच्या हृदयाची झडप. डॉक्टर फोनवर — "मंगळवारी ऑपरेशन. आता टाळाल तर मला विचारू नका."

९ ऑगस्ट

धाकट्याचा फोन.

"तू म्हण ना एक. काय बिघडतं?"

"तू म्हण."

"मी तीन आहे, मने!"

टक्कल पडलं, दोन मुलांचा बाप झाला. शेंडेफळ ते शेंडेफळच!

किल्ल्या, तिकिटं, बाबांच्या गोळ्या — सगळं ताईकडे. मी उशिरा येणार, काहीतरी विसरणार, सगळ्यांना हसवणार. हिचा स्वभावच असा, म्हणायचे. स्वभाव कसला? माझ्या पुढे कुणीतरी होतं, एवढंच.

१० ऑगस्ट

चष्म्याच्या दुकानात दिवसभर डोळे तपासले. "पहिली काच स्पष्ट की दुसरी?" हाच प्रश्न, इतकी वर्षं. आज एक आजोबा वैतागले. "अहो बाई, पहिली काढून घेतलीत. आता दुसरी कशाशी ताडून बघू?"

घरी आल्यावर गॅसचं बटण पाहिलं. बंद होतं. दारापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा पाहिलं.

असं ताई करायची.

११ ऑगस्ट

बाबांची दवाखान्याची बॅग भरत होते. टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या, औषधं वेगळ्या पिशवीत. कुणी शिकवलं मला?

धाकटा बुटांसकट आत आला. "बूट आधी! किती वेळा सांगायचं रे तुला?"

मीच ओरडले होते. आवाज माझा नव्हता.

त्यानं मुकाट्यानं बूट काढले. मग ते हातात धरून दारातच उभा राहिला. "असं बोलू नकोस परत," म्हणाला. अगदी हळू.

१२ ऑगस्ट

आज काहीही विसरले नाही. भीती वाटली.

१३ ऑगस्ट

सगळ्यांच्या आधी तयार होऊन गाडीत बसले. पुढे. ताईच्या जागेवर. मग धाकटा आला. बाबा मागे बसले.

"मोजा."

"एक," मी म्हटलं.

धाकटा स्टिअरिंगकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं — "तीन."

बाबांनी दार उघडलं. "दोन राहिली आत. नेहमीचंच आहे तिचं!" हसून म्हणाले. घराकडे वळले.

"मने! ए मने!" एकेका खोलीत जाऊन हाक मारत होते.

मला ओ देता आली नाही.